आज समदे सारखे

अण्णा, येळवसीला, वेळ अमावस्येच्या रानातल्या जेवणाला, मुखेडला जाऊन आले. रानात कडब्याची खोप तशीच घातली होती, पुढ्यात भज्जी, उंडे, आंबिलीचं मडकं. तुम्ही असताना आंबील तुम्हीच वाढायचात. पाहुणा असो की मजूर, सगळ्यांना एकाच पळीनं, काठोकाठ. "आज समदे सारखे," म्हणत तुम्ही पंगतीतून फिरताय आणि मी, लहानशी, विचारते, "आणि उद्या?" कारण आपल्या रानात राबणारी मावशी काढणीला नवऱ्याइतकीच पात धरायची, तरी तिच्या हातावर मजुरी कमी पडायची, हे मी पाहिलं होतं. तुमची पळी थांबली. हळूच म्हणालात, "जेव गप."

आता लातूरच्या कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवते. सारखं वाटणं आणि न्यायानं वाटणं यातला फरक फळ्यावर मांडते. पोरं उतरवून घेतात.

यंदा पावसानं सोयाबीन रानातच कुजलं. सरकारची मदत आली ती हेक्टरावर. ज्याचं रान मोठं त्याला जास्त, ज्याला रानच नाही त्याला काही नाही. आपल्याला मिळाली. मावशी थकली आहे, तरी जेवायला आली होती. पेला हातात धरून तिनं दादाला विचारलं, "मालक, तुमचं पीक गेलं, त्याचा पंचनामा झाला. आमची तर सुगीच गेली. आमचा पंचनामा कोन करंल?"

"सातबारा घिऊन ये की मावशे," दादा म्हणाला. पंगत हसली, तीही हसली. मग त्याचं त्यालाच कसंतरी वाटलं असावं. तिच्या पेल्यात आणखी एक पळी ओतून म्हणाला, "घे. आज समदे सारखे." आवाज थेट तुमचा.

तुम्ही वाईट असता तर बरं झालं असतं, अण्णा. मी भांडून मोकळी झाले असते. पण तुम्ही तो एक दिवस इतक्या मायेनं वाढायचात की उरलेल्या वर्षाबद्दल विचारायची कुणाला लाज वाटावी. मदत वाटणारेही असेच कुठल्यातरी पंगतीत जेवून मोठे झाले असतील.

हे पत्र कुठं टाकणार? आणि एक सांगायचं राहिलं. मावशी हसता हसता माझ्याकडे बघत होती. मी शिकलेली, मी काही बोलेन असं तिला वाटलं असेल. "आणि उद्या?" माझ्या ओठांवर आलंही होतं. तेवढ्यात दादा पळी घेऊन माझ्यापुढे आला. मी पेला पुढे केला आणि जेवले. गप.