बाबांची जीभ

२८ जून
बाबा आज पुन्हा म्हणाले, "झालं, उतरवा!" उकळत्या हंड्यातली बचनागाची चकती चावली, थुंकली. नेहमीसारखंच. त्यांची पाठ वळल्यावर मी एक चाखली — ओठ बधिर, जिभेला मुंग्या! विष अजून आत आहे! "बाबा, अजून थोडं उकळू दे," एवढंच म्हटलं. त्यांनी जाळ वाढवला.

२९ जून
मन थाऱ्यावर नाही. कच्चा बचनाग चालतं हृदय बंद पाडतो. नीट उकळला की तोच थकलेल्या हृदयाला उभारी देतो. मधे असते ती बाबांची जीभ. अख्खं ज्यांगयौ शहर त्यांच्या शब्दावर औषध घेतं! ती जीभच गेली असेल तर?

१ जुलै
आत्याला सांगितलं. ती कंद चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "परवा टोफूत मूठभर तिरफळं घातली गं त्याला. म्हणतो कसा, आज आळणीच झालंय!"
"मग तू सांग ना त्यांना."
"मी? झारा फेकून मारेल! लेक तू, तूच सांग."

३ जुलै
नाही जमलं.

५ जुलै
चेंगडूच्या औषध कारखान्यातून फोन. नोकरीची मुलाखत उद्याच! आणि इकडे नवा हंडा चढलेला. पिशवी भरली, रिकामी केली, परत भरली. बाबा म्हणाले, "जा गं! तुझ्या जन्माआधीपासून हंडे उतरवतोय मी." आत्याला बजावलं — मी येईपर्यंत माल बाहेर जाऊ देऊ नकोस.

६ जुलै
मुलाखतीत काय बोलले, आठवत नाही. बाहेर आले तर आत्याचा फोन — बाबा दवाखान्यात! चकत्या थुंकल्या नाहीत, गिळल्या! गाडीत बसवेना. सगळी वाट दाराशी उभी.

७ जुलै
शुद्धीवर आहेत. छातीला तारा चिकटवलेल्या. मी रडत रडत भांडलेच.
"गिळल्यात कशाला?"
"जीभ सांगेना, म्हणून पोटाला विचारलं."
"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"
"हिवाळ्यापासून. तू 'उकळू दे' म्हणायचीस, मी जाळ वाढवायचो. काल तू नव्हतीस."
मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "दुसऱ्या कुणाच्या पोटाला विचारायचं होतं का मी?"

११ जुलै
बाबा घरी आले. आल्या आल्या चूल मोडली — स्वतःच्या हातांनी! "तुला या हंड्याला बांधून नाही ठेवायचं मला." दुपारी चेंगडूहून होकार आला. आता कुणाची आडकाठी नाही — आणि माझा पाय निघत नाही.