लोखंडी ठोकळ्यामागचे न्यूट्रॉन

१२ जून, नगर
मुंबईच्या प्रयोगशाळेतून काल परत. मापनाची फाईल आज कॉलेजात उघडली. कॅलिफोर्नियमचं केंद्रक फुटताना अपेक्षेपेक्षा जास्त संथ न्यूट्रॉन निघतात, हा माझ्या मार्गदर्शक सरांचा गाजलेला शोध. माझी पीएच.डी. त्यावरच. या वेळी स्रोत आणि डिटेक्टरच्या मधे लोखंडाचा जाड ठोकळा ठेवला होता. सरळ येणारे अडले. जादाचे संथ तसेच येत राहिले. म्हणजे ते भिंतीवर आपटून येतायत. उशिरा पोचतात म्हणून संथ वाटतात. फुटण्याशी त्यांचा संबंधच...

१४ जून
पुन्हा तपासलं. तेच. मूळ मोजणी नसीमाआपाची. माझ्याआधीची सरांची विद्यार्थिनी, मला डिटेक्टर लावायला तिनेच शिकवलं. त्या मोजणीवर तिची पदवी, श्रीरामपूरची पर्मनंट नोकरी.

१७ जून
सरांना ग्राफ दाखवला. नीट पाहिलाच नाही. ठोकळा ही तुझी हौस, प्रबंधात नको, म्हणाले. मग शांतपणे, "सही माझी लागते, मॅडम." एरवी नावाने हाक मारतात.

१८ जून
खर्ड्याहून आईचा फोन. समजेल तेवढं सांगितलं. "सर म्हणतेत तसं लिही. सही झाल्यावर सांग की खरं काय हाय ते." चिडले तिच्यावर. माझ्याही मनात कालपासून तेच होतं, म्हणून जास्त.

२१ जून
श्रीरामपूर. वाटलं आपा हादरेल. ग्राफ पाहून म्हणाली, "मला तेव्हाच दिसलं होतं." तिनेही एकदा ठोकळा ठेवून पाहिलेला. सरांनी फाईल पुसायला सांगितली, तिने पुसली. घरी अब्बा आजारी, नोकरीची मुलाखत तोंडावर.
मी निघताना म्हणाली, "शोध छापला त्या जर्नलला मीच कळवते. तू कळवलंस तर मी चोर ठरेन. आठ दिवस दे."
दिले. एस.टी.त बसल्यावर सुटल्यासारखं वाटलं. त्याचीच चीड येतेय.

२९ जून
आठ दिवस झाले. आपा फोन उचलत नाही.
सरांनी आज स्वतः बोलावलं. नसीमा येऊन गेली म्हणाले, समजूतदार मुलगी आहे. काय बोलली, विचारायचं धाडस झालं नाही. प्रबंध सादर करायचा सही केलेला फॉर्म हातात दिला. ठोकळ्याची चार पानं तेवढी काढ म्हणाले.
फॉर्म घेतला मी. नको म्हणाले नाही.
संध्याकाळी जर्नलला पत्र लिहायला बसले. सगळं लिहून झालं. आपाला तेव्हाच माहीत होतं, हे एक वाक्य घालतेय, खोडतेय.