रॉकेटमधल्या दोन जागा

चोफू,
१२ नोव्हेंबर २०१८

ती. सुमिएताईस,
तेरुओचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि ऐकू आलं तर पटत नाही, म्हणून पत्रच लिहितो. काल ताकाओकाहून परत आलो. चिनात्सुच्या होणाऱ्या सासरचे आजोबा, इचिझो कादोवाकी, गुरुवारी गेले. वय शहाऐंशी. रात्री जेवून झोपले आणि सकाळी उठले नाहीत. मी उदबत्ती वाहिली, वाकून नमस्कार केला आणि तिथे तोंडातून एकही वेडावाकडा शब्द काढला नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण तुझा पहिला प्रश्न तोच असणार.

सप्टेंबरात दोन्ही घरं पहिल्यांदा एकत्र जेवली, तेव्हाचं तुला सांगायचं राहिलं होतं. चिनात्सुने मला आधीच बजावलं होतं की राक्षस, उडत्या तबकड्या आणि जुन्या साप्ताहिकांनी कल्पिलेल्या सन दोन हजारची चित्रं यांबद्दल लग्न होईपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच पोरीने माझ्याकडे काही मागितलं होतं. मी सूप येईपर्यंत दम धरला. मग आजोबांनीच विचारलं, की पाणीखात्यातून निवृत्त झाल्यावर वेळ कसा जातो. म्हटलं, चित्रं काढतो. कसली, म्हणाले. खोटं कसं बोलू? रॉकेटची, म्हटलं.

त्यांनी हातातल्या जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. साठ वर्षं देवघरातल्या घंटा ओतलेला माणूस तो. कुठल्या धातूचं रॉकेट, असं त्यांनी विचारलं. आजवर हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता ग. पुढचे दोन तास आम्ही दोघं रॉकेटच्या शेपटीच्या पंखांवर बोलत होतो आणि टेबलाखाली चिनात्सुचा पाय माझी नडगी शोधत होता.

घरी आल्या आल्या त्या भरात मी कादोवाकी मंडळींसाठी नववर्षाचं कार्ड रंगवलं. माझी पद्धत तुला माहीत आहे. बासष्ट कार्डं, सगळी हाताने, म्हणून सप्टेंबरातच बसतो. येतं वर्ष डुकराचं, तेव्हा काचेचं शिरस्त्राण घातलेलं रानडुक्कर सगळ्यांनाच आहे. पण त्यांच्या कार्डावर चांदीचं रॉकेट, मागे काचेच्या नळ्यांचं शहर, पुढच्या जागेवर सुकाणू धरलेले आजोबा आणि शेजारी डबा मांडीवर घेऊन बसलेल्या आजी. खाली लिहिलं, 'यंदा दोघांनी मिळून खूप लांबचा प्रवास करावा.' असं चांदीचं काम मला पुन्हा जमायचं नाही.

आता शोक असलेल्या घरी नववर्षाचं कार्ड जात नाही, एवढं मलाही कळतं. ते बाजूला काढून टीव्हीवर टेकवून ठेवलंय. फाडायला हात होत नाही.

खरी काळजी वेगळीच आहे. लग्न मे महिन्यात ठरलंय आणि जूनमध्ये होणाऱ्या जावयाची, शुन्पेईची, बदली चिलीला. आता त्याचे वडील म्हणतात, घरात मृत्यू झालाय, वर्षभर थांबू. थांबलं तर तो एकटाच जाईल आणि तीन वर्षं दोघं पृथ्वीच्या दोन टोकांना. निर्णय आजींवर सोपवलाय. चिनात्सु घरी आली की भांडी जोरात घासते.

गुडघा जप. तुझा लोभ माझ्या लायकीपेक्षा जास्त आहे, तो कमी करू नकोस.

तुझा,
तेरुओ


मात्सुमोतो,
२० नोव्हेंबर २०१८

चि. तेरुओ यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. त्रेसष्ट वर्षांच्या माणसाला अजून चि. लिहावं लागतं, यातच सगळं आलं.

आजोबांचं वाईट वाटलं. चांगला माणूस दिसतो, तुझं दोन तास ऐकलं म्हणजे. मी तर लहानपणापासून ऐकतेय, आणि नुसती ऐकत नव्हते. आईची चाळणी डोक्यावर घालून तू राक्षस व्हायचास आणि मला इमारत करायचास. मला एकदा तरी राक्षस होऊ दे म्हणून मी रडले, तर म्हणालास, तू उंच आहेस, इमारतच शोभतेस. ते अजून माझ्या डोक्यात आहे.

तुमचं मंडळ कसं चाललंय? मागे तू लिहिलं होतंस, की अकरा म्हातारे जुन्या थिएटरात जमतात आणि तबकडीला बांधलेली तार पडद्यावर दिसली की टाळ्या वाजवतात. शेजारच्या बाईंना मी हे सांगितलं. त्यांना वाटलं मी तुझ्या आजाराबद्दल सांगतेय. त्यांनी तुझ्यासाठी सफरचंदं दिली आहेत, वेगळी पाठवते.

आता कामाचं. ते कार्ड टीव्हीवरून काढ. फाडवत नसेल तर मला पाठव, मी फाडते. तुझी किमिको असती तर तुला ते दिसायच्या आत तिने गायब केलं असतं. पत्त्यांची वही, कुणाला पाठवायचं, कुणाकडे शोक आहे, हे सगळं ती बघायची. तू फक्त रंगवायचास. ती जाऊन तीन वर्षं झाली, आता तिच्या वाट्याचं डोकंही तुलाच चालवायला हवं.

लग्नाचं काय होईल ते होईल. तू फक्त मध्ये पडू नकोस. एवढंच तुला करायचं आहे, म्हणजे काहीच करायचं नाही. ते तरी नीट कर.

रागावते म्हणजे माया आहे असं समज,
सुमिएताई


चोफू,
२६ डिसेंबर २०१८

ती. सुमिएताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच.

परवा दुपारी मंडळाचा वर्षअखेरचा खेळ होता. महाकाय गोगलगाईचा सिनेमा, आपण शाळेत असताना पाहिलेला तोच, पण नव्याने धुतलेल्या प्रतीत. गोगलगाय बंदरात शिरते तेव्हा तिच्या पाठीवरची चेन या प्रतीत स्पष्ट दिसते, असं कळलं होतं. आतल्या माणसाला श्वास घेता यावा म्हणून ती एक वीत उघडी ठेवलेली आहे. मी किती आनंदात असेन याची तू कल्पना कर.

निघताना कार्डांची चळत उचलली, वाटेतल्या टपालपेटीत नववर्षाच्या कप्प्यात टाकली आणि गेलो. चेन दिसली. आम्ही अकराही जण रडलो.

आज सकाळी वर्षअखेरची सफाई काढली. टीव्ही पुसताना टेकवलेलं कार्ड उचललं, तर ते दंतवैद्याचं. मागच्या आठवड्यात सगळीकडे चांदी सारखी लागलीय का, ते बघायला मी दोन्ही कार्डं उजेडात शेजारी शेजारी धरली होती. परत ठेवताना अदलाबदल झाली. दंतवैद्य टीव्हीवर राहिले आणि कादोवाकी आजोबा टपालात गेले.

टपाल कचेरीत धावलो. टाकलेलं पत्र परत मागायचा अर्ज असतो. खिडकीतल्या बाईंनी ओळख पटावी म्हणून वर्णन विचारलं. मी सांगितलं. त्यांनी लेखणी खाली ठेवून विचारलं, की रॉकेटमध्ये बसलेले गृहस्थ वारलेत, असंच ना? हो म्हटलं. आणि शेजारी त्यांच्या पत्नी, त्या हयात आहेत? हो म्हटलं. आणि खाली लिहिलंय, की दोघांनी मिळून खूप लांबचा प्रवास करावा? त्यांनी मान खाली घातली आणि आतून आपल्या साहेबांना बोलावून आणलं. साहेबांनी माझ्याकडे बघून असा काही नमस्कार केला, की माझ्याच घरी कुणी गेलंय असं वाटावं. कार्ड कालच ताकाओकाकडे रवाना झालं होतं. एक तारखेला सकाळी ते आजींच्या हातात पडेल.

ताई, एका विधवेला मी नववर्षाच्या दिवशी नवऱ्यापाठोपाठ निघायचं आमंत्रण धाडलंय, तेही रंगीत.

चिनात्सु एकोणतीसला येतेय. तिला काय सांगू? नाही सांगितलं तर चालेल का?

लोभ ठेवावास असं माझ्याजवळ या क्षणी काही नाही, तरी ठेव.

तेरुओ


मात्सुमोतो,
२७ डिसेंबर २०१८

चि. तेरुओ यास,
अ. उ. आ.

दारात पाय ठेवल्या ठेवल्या तिला सांग. तिला ते सासरहून कळलं, तर पोरगी तुला कायमची दुरावेल. कादोवाकींनाही आजच माफीचं पत्र टाक. त्यात एकही चित्र काढू नकोस.

मी हसले नाही, असं लिहिणार होते. हसले. मग बराच वेळ बरं वाटेना.

सुमिएताई


चोफू,
४ जानेवारी २०१९

ती. सुमिएताईस,
सा. न. वि. वि.

सांगितलं. चिनात्सु एक बूट काढून दारातल्या पायरीवर बसली आणि दुसरा काढायचं विसरली. चित्रात काय काय आहे ते तिने मला दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, की बाबा, इतकी वर्षं तुम्ही चिरडलेली शहरं बघत आलात, आता माझंही एक बघा. ओरडली असती तर बरं झालं असतं. संध्याकाळी तिने माझ्यासाठी शेवया केल्या आणि माझ्यासमोर बसून शांतपणे खाल्ल्या.

एक तारखेला शुन्पेईचा फोन आला. माझं माफीचं पत्र त्याच सकाळी पोचलं होतं, पण कार्ड त्याच्याआधी उघडलं गेलं होतं. ते त्याच्या वडिलांनीच पाहिलं. त्यांचा चेहरा लाल झाला आणि ते म्हणाले, ज्या घरात मृत्यूची एवढी चेष्टा होते तिथे घाई करायची काही गरज नाही, लग्न पुढच्या वर्षी. तेवढ्यात आजींनी त्यांच्या हातातून कार्ड घेतलं, बघितलं आणि आपल्या खोलीत नेलं. तेव्हापासून त्यांनी ते कुणालाही दाखवलेलं नाही. शोकातलं घर सात तारखेपर्यंत उत्तर देत नाही, हे मलाही ठाऊक आहे, तरी रोज चार वेळा टपालाची पेटी उघडून बघतो.

ताई, मला पहिल्यांदाच या सगळ्याची लाज वाटली. खोके बांधायला काढले. गोगलगाय, तबकड्या, साप्ताहिकांतली घडीची चित्रं, सगळं मंडळाला देऊन टाकणार होतो. पण सन दोन हजारचं ते एक मोठं चित्र उघडलं आणि तिथेच बसलो. सरकते रस्ते, घुमटाखालची शहरं, एप्रन घातलेली आई आणि तिच्या शेजारी भांडी घासणारा यंत्रमानव. त्यात सगळे कुठे ना कुठे निघालेत आणि सगळ्यांच्या शेजारी कुणीतरी बसलंय. एकटं कुणीच नाही. किमिको गेल्यापासून मी हेच बघत आलोय आणि हेच रंगवत आलोय, हे मला काल कळलं. आजींना आजोबांशेजारी बसवलं त्यातही माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. पण हे मी कुणाला सांगू? शुन्पेईच्या वडिलांना सांगितलं तर ते चिलीची बदली स्वतःच मागून घेतील.

दार उघडून चिनात्सु आत आली. खोके बघितले, दोन परत फळीवर ठेवले आणि झोपायला गेली. माफ केलं असं नाही. पण दोन ठेवले.

तुझ्या सफरचंदांतली शेवटची दोन आज खाल्ली. लोभाचं या वेळी मागत नाही, नुसती आठवण करून देतो.

तुझा,
तेरुओ


ताकाओका,
८ जानेवारी २०१९

श्री. तेरुओ उराबे यांस,
स. न. वि. वि.

घरात शोक असल्यामुळे नववर्षाच्या शुभेच्छा देता येत नाहीत. थंडी फार आहे, प्रकृतीला जपावं, एवढंच रीतीप्रमाणे लिहिते. सात तारीख उलटेपर्यंत थांबणं भाग होतं. बहुतेक आपण पेटी उघडून उघडून दमला असाल.

आपलं माफीचं पत्र मिळालं. ते फार लांब आहे. निम्मं वाचलं आणि पोचलं असं समजले.

आपलं कार्ड मी सात दिवस एकटी बघत होते. पहिल्या दिवशी राग आला. दुसऱ्या दिवशी रागावायचं म्हणून काढलं, तर हे त्यात इतके खूश दिसले की रागावायचं राहून गेलं. सप्टेंबरात आपल्याला भेटून परतताना त्यांनी मला आगगाडीत डोळा लागू दिला नव्हता. पंख पितळेचे करावेत की काशाचे, हे ते खिडकीतल्या अंधाराला समजावून सांगत होते. आमच्याकडे सगळे त्यांना घंटावाले आजोबा म्हणत. आपण त्यांना सुकाणू दिलंत. ते मला आवडलं.

मात्र चित्रात दोन चुका आहेत, म्हणून कार्ड सोबत परत पाठवत आहे. कृपया दुरुस्त करून द्यावं. देवघरात त्यांच्या फोटोशेजारी ठेवायचं आहे.

पहिली चूक म्हणजे त्यांना चष्मा नाही. चष्म्याशिवाय ते अंगणातही जात नसत, एवढ्या लांब त्यांना कोण सोडणार?

दुसरी दुरुस्ती तातडीची आहे. मला तिथून उतरवा. त्यांना वाईट वाटणार नाही, धंद्यासाठी ते जन्मभर एकटेच हिंडत आले आणि मी दारात उभी राहून निरोप देत आले. माझी जागा रिकामी असू द्या, भरू नका. डबा मात्र त्यांच्याजवळ राहू द्या. मला खाली कुठेतरी उभी करा. मुलाला मी काल सांगून टाकलं आहे, की मे महिन्यातलं लग्न मेमध्येच होईल आणि ते बघितल्याशिवाय मी कुठेही जाणार नाही.

लोभ आता नात्याचा व्हावा.

आपली,
तूर्त जमिनीवरची,
हिसानो कादोवाकी