पट्टीशिवायचा फोटो

प्रिय चिमणे,

शेजारच्या खोलीत असून आई पत्र लिहिते म्हणजे हिचं डोकं फिरलं, असं वाटेल तुला. पण समोर आलीस की तू फक्त गोळ्यांचं बोलतेस, आणि चादर नीट करायच्या निमित्तानं माझी टाच झाकतेस. अगं, जन्म गेला माझा चौथीच्या वर्गावर. नजर चुकवणारं पोर मला दारातूनच कळतं.

काल तू औषधं आणायला गेलीस तेव्हा तुझा तो चष्मिस सहकारी येऊन गेला. त्याच्याकडून कळलं, तू नोकरीच सोडलीस. मला मात्र रजा म्हणून सांगितलंस! मग मी त्याला खोदून खोदून विचारलं, फोटोतला डाग बघून कॅन्सर ओळखणारं तुमचं मशीन चुकलं कसं. बिचारा घामाघूम झाला. म्हणाला, मशीनला शिकवायला दवाखान्यांतले हजारो फोटो दाखवले. ज्या डागाचा डॉक्टरांना संशय येतो, त्याच्या शेजारी ते मापाला पट्टी ठेवतात. मशीन डाग सोडून पट्टीच ओळखायला शिकलं. पट्टी दिसली की कॅन्सर, नाही दिसली की काही नाही. मला हसूच फुटलं. माझी पोरं तरी काय वेगळी होती? मी फळ्यावर बरोबर उत्तराखाली रेघ मारायचे, तर ती गणित न वाचता रेघ शोधायची. हसता हसता रडू कधी आलं ते कळलंच नाही, आणि तो बावरून पाणी आणायला धावला.

माझ्या टाचेवर मसुराएवढा काळा डाग होता. मी स्टुलावर पाय ठेवला, तू फोनवर फोटो काढलास. घरात पट्टी कोण ठेवतंय! मशीननं काळजी नको म्हटलं आणि तू आनंदानं मला गरगर फिरवलंस, वेडे. तो डाग कॅन्सरचाच निघाला, आणि आता यकृतापर्यंत पोचलाय. मला मरायची भीती वाटते गं, खूप वाटते. पण तू नळ मोठा सोडून स्वयंपाकघरात रडतेस ना, ते मला जास्त लागतं.

तुझी काही चूक नाही, असं आईनं म्हणायचं असतं. मी नाही म्हणणार. चूक झाली, आणि मला भोवली. पण तूही माझ्या वर्गात होतीस, मला बाई म्हणायचीस. आपल्याकडे खोडरबर चालायचं नाही. चुकलेल्या गणितावर आडवी रेघ, आणि त्याच्याच खाली पुन्हा सोडवायचं. तू एकदा चिडून पान फाडलंस, तर ते चिकटवून आणायला लावलं होतं. दोन दिवस बोलली नव्हतीस माझ्याशी.

चष्मिस म्हणाला, माझा तो फोटो अजून तुझ्याकडे आहे. इतका सुरुवातीचा, पट्टीशिवायचा फोटो त्यांना सहसा मिळत नाही म्हणे. पण मशीनला नव्यानं शिकवायला दाखवायचा तर त्याखाली आजाराचं नाव लिहावं लागतं, आणि तेच तुझ्यानं होत नाही. एवढ्याचसाठी हे पत्र. परवानगीची सही मी काल देऊन टाकलीय. दुसऱ्या कुणाच्या आईला मशीन काळजी नको म्हणायच्या आत, तो फोटो बाहेर काढ आणि खाली खरं उत्तर लिही. एकटीला जमत नसेल तर इथे माझ्या उशाशी बसून लिही. पहिलं अक्षर गिरवताना धरला होता, तसा हात धरते मी तुझा. अजून तेवढी ताकद आहे.

तुझीच आई,
आणि तुझ्या बाईसुद्धा