सूड : नियम क्रमांक अकरानुसार

२ सप्टेंबर, संध्याकाळ
आजचा अपमान लिहून ठेवतो, सूड घेताना काही सुटायला नको. आपल्या शेतकरी कंपनीचं मूग-तूर साफ करायचं मशीन माझ्या गोडाऊनमध्ये बसणार होतं. जागा मी खडूने आखूनही ठेवली होती. संचालकांच्या मीटिंगमध्ये दिवालीबाई उठली. म्हणाली, मशीन पाड्यावर बसवा, माल आम्हीच डोक्यावरून आणतो. सहा हात वर. माझ्या बाजूने एक. तो माझा.

हिला संचालक केलं कोणी? मी! योजनेच्या फॉर्मात ‘सर्वसमावेशक’ असा रकाना होता, त्यात आदिवासी महिला हवी होती. हिची मुख्य पात्रता ही, की ही बोलत नव्हती. पाड्यावरच्या साठ बायकाही मीच सभासद करून घेतल्या. फोटो भरगच्च येतो.

३ सप्टेंबर
२६ला वार्षिक सभा. माझी आणि तिची मुदत संपते, पुढे जागा एकच. तिला घरी बसवतो, मग मशीनचा ठराव फिरवतो. माझे शेअर पाचशे, तिचा एक. विषय संपला.

४ सप्टेंबर
मॅनेजर हितेंद्र म्हणतो, नाना, शेअर कितीही असोत, माणशी मत एकच. कुठल्या गाढवाने ठरवलं, विचारलं. म्हणाला, कायद्यात आहे. जेवण गेलं नाही.

९ सप्टेंबर, दुपार
सापडला! आमचीच नियमावली, क्रमांक अकरा : वर्षभरात कंपनीला माल न देणाऱ्या सभासदाला मत नाही. सातपुड्याच्या उतारावरची कोरडवाहू जमीन. त्यांना खायला पुरत नाही, कंपनीला काय देणार? साठच्या साठ उडाल्या. हितेंद्रला म्हटलं, नियम कडक लाव, नोटिशीवर माझी सही घे. तो म्हणाला, नाना, आधी पावत्यांची यादी बघा. म्हटलं, यादी बघणं अध्यक्षाचं काम नाही. त्याने दोनदा विचारलं. माणूस भित्रा.

१४ सप्टेंबर
केळी कापली. व्यापाऱ्याचा ट्रक बांधावर आला. कंपनीला यंदाही दिली नाही. अध्यक्षाने स्वतःचाच माल कंपनीला घातला तर लोकांना पक्षपात वाटतो.

२० सप्टेंबर
सभेच्या फ्लेक्सवर दिवालीबाईचा फोटो स्टॅम्पएवढा करवला. तोही खांबामागे येईल असा. सूड टप्प्याटप्प्यानेच गोड लागतो.
बायको सुनंदा हल्ली दर गुरुवारी पाड्याकडे जाते. पाय मोकळे करते म्हणे. डोक्यावर गोणी घेऊन पाय कसे मोकळे होतात, ते विचारायचं राहिलं.

२६ सप्टेंबर
हितेंद्रने यादी वाचली. पाड्यावरच्या साठही बायका. कोणाचा मूग, कोणाची तूर, कोणाची मोहाची फुलं. दिवालीबाई एकटी अकरा खेपा. मग मत नसलेल्यांची यादी. पहिलं नाव माझं. मागोमाग माझे बावीस भाऊबंद. सगळ्यांचा माल व्यापाऱ्याच्या त्याच ट्रकात.

मी ओरडलो, हा नियम बेकायदेशीर आहे. दिवालीबाई शांतपणे म्हणाली, नाना, नियम तुमनाच शे, सही बी तुमनीच शे. अख्खा मंडप हसला.

तरी मी खचलो नाही. यादीत माझ्या घरातलं एक नाव होतं. सुनंदाबाई पितांबर. बांधावरचा मूग! डोळ्यांनी खूण केली. तिने हात वर केला. दिवालीबाईसाठी.

घरी कारण विचारलं. म्हणाली, घर तुमच्या नावावर, शेत तुमच्या नावावर, गॅससुद्धा तुमच्या नावावर. पावतीवर माझं नाव पहिल्यांदा त्या बाईने लिहिलं. मग भाजी वाढली. मीठ बरोबर होतं, त्याचाच जास्त राग आला.

५ ऑक्टोबर
पुढच्या सभेत खरा सूड. त्यासाठी मत हवं, मतासाठी माल हवा. केळी पुढच्या वर्षी. सुनंदाकडे मूग मागितला. म्हणाली, बांध तुमचाच आहे, शेंगा तोडा. तोडल्या. झोडपल्या. कंबर गेली.

९ ऑक्टोबर, सकाळ
गोणी घेऊन पाड्यावर, कंपनीच्या खरेदी केंद्रावर. पुढे बारा बायका. संस्थापकाला पुढे घ्या, असं मी दोनदा सुचवलं. एकीने सरकून बसायला जागा दिली. मागेच.
नंबर आला. दिवालीबाईने दाणा दाताखाली धरला. म्हणाली, नाना, मूग वला शे. सुकाडीसन लई या.

९ ऑक्टोबर, दुपार
गच्चीवर मूग पसरला आहे. ऊन बरं आहे. चिमण्या फार. सुनंदा काठी देऊन गेली.
सुडाचं उद्या बघू.