सुवाच्य अक्षराची नोकरी

३ जून
लागली एकदाची नोकरी! कोर्टाच्या नक्कल विभागात. राजद्रोहाच्या खटल्यांत जप्त झालेले कागद हाताने उतरवून काढायचे. यंत्राला मनाई, यंत्रातून प्रती बाहेर फुटतात म्हणे. विभागाच्या मोठ्या बाईंनी मुलाखतीत माझं अक्षर पाहिलं आणि दुसरं काही विचारलंच नाही. आई खूश. धाकटी तर अख्ख्या गल्लीला सांगत सुटलीय, तिच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ. टेबल खिडकीपाशी मिळालंय. खुर्ची मात्र काकूसारखी, बसलं की कुरकुर सुरू.

६ जून
काम सोपं. मूळ कागद डावीकडे, कोरा उजवीकडे. काना-मात्रा जसाच्या तसा, खाडाखोडसुद्धा. नकलेवर सही नाही, शिक्का नाही, ‘नक्कल’ हा शब्दही नाही. उतरवून झालं की मूळ कागद मागच्या अंगणातल्या भट्टीत. राज्याविरुद्धचं लिखाण दोन ठिकाणी राहू द्यायचं नाही, असा कायदाच आहे, असं बाई म्हणाल्या. असेल बापडा. आपण हमाल, ओझं कुणाचं याच्याशी काय देणंघेणं!

आज एका मास्तरांचं पत्र उतरवलं. ‘हे सरकार आपल्यालाच घाबरतं,’ एवढंच काय ते त्यात जहाल. याला म्हणे सात वर्षं. वाचून मला हसूच आलं.

११ जून
शेजारच्या टेबलावर अण्णा बसतात, वीस वर्षं इथेच. त्यांचं अक्षर रोज वेगळं. कधी डावीकडे झुकलेलं, कधी पहिलीतल्या पोरासारखं. वय झालं, दुसरं काय. माझ्याआधी या खुर्चीवर कोण होतं, असं विचारलं. एक मुलगी होती, म्हणाले, फार सुरेख अक्षर. मग कुठे गेली, विचारल्यावर पाणी प्यायला उठले ते तासभर आलेच नाहीत.

१७ जून
नवा गठ्ठा आला. वर आरोपीचा धंदा लिहिलाय: नकलनवीस, नक्कल विभाग. आत एका कवीची कविता, फार सुरेख अक्षरात. कवी पकडला जाण्याआधीच परागंदा झालेला. मूळ कागद भट्टीत गेलेला. कोर्टासमोर उरली फक्त कवितेची नक्कल, माझ्याआधीच्या त्या मुलीच्या हातची. तज्ज्ञाने अक्षर जुळवलं, झालं.

आणि आता तो कागद मी उतरवायचा. अण्णांचं वय झालेलं नाही. ते शहाणे आहेत.

१८ जून
बाईंना जाऊन स्पष्ट विचारलं. चिडल्या नाहीत, उलट चहा मागवला. कायदा विचार कुणाचा ते बघत नाही, अक्षर कुणाचं ते बघतो, म्हणाल्या. राजीनामा द्यायचा म्हटलं, तर असल्या कागदाला हात लागलेल्याला नोकरी काय, शहरही सोडायची परवानगी नसते. चहा तसाच ठेवून उठले.

२० जून
मुद्दाम वेडंवाकडं लिहिलं. कागद परत आला — अक्षर सुधारा. सुधारून काय, बिघडवून काय, माझ्या हातचे चौदा कागद कपाटात आधीच आहेत. मास्तर कोठडीतच वारले, अण्णा पुटपुटले. म्हणजे ते पत्र आता माझं. सात वर्षं. देवा.

२२ जून
दोन माणसं घरी येऊन गेली. ताईचं अक्षर ओळखता येईल का, असं विचारलं. धाकटीने कौतुकाने माझी शाळेची वही काढून दिली. पहिला नंबर आला होता, हेही सांगितलं. तिला काय बोलू? मीच ढसाढसा रडले.

२३ जून
जिन्यात पावलं. आई दार धरून उभी आहे —

ही वहीही नेतील. कुणीतरी उतरवून घेईल. अगं, तू जी कोणी त्या खिडकीपाशी बसून हे लिहिते आहेस — अक्षर छान असणार तुझं, म्हणून तर घेतलं तुला — थांब. इथवरचं सगळं आता तुझ्या हातचं आहे. पेन ठेव. हे सरकार आपल्यालाच — नको, हे लिहू नकोस, पुढचा शब्द तरी