विषय : हौदाची मरम्मत

११ जाने., रविवार

स. ७ ला हौदावर. आज सहाच जण. बाकीच्यांना कुणाला लग्न, कुणाला सर्दी. दोन वर्षं झाली, दर रविवारी गल्लीतला हा जुना हौद साफ करतोय. समोरच्या माडीवरून ती बाई आजही विचारते, "अजून झालं नाय का तुमचं?" तिनंच वरून टाकलेल्या पिशव्या आम्ही उचलत होतो. बोलून उपयोग नाही.

रशीद मिस्त्री आमच्या आधी हजर. चुना मुरत घातलाय त्या खड्ड्यावरचं पोतं त्यांनी भिजवलं. सहा महिने मुरतोय. "जितना मुरेगा उतना अच्छा, बाई. बस सूखना नक्को." सत्तरी उलटली. चुन्याचा हात असलेला माणूस आता शोधून सापडत नाही. आठवडाभर बिडकीनला कंपन्यांच्या भिंतींवर सिमेंट थापतात, रविवारी इथं चुन्यासाठी फुकट येतात. तीन कमानींवरची वेलबुट्टी हातानं चाचपून बघतात. उन्हाळ्याच्या आत गिलावा पुरा करायचा म्हणतात.

नीलिमा विचारत होती, "काकू, अर्जाचं काय झालं?" ही आर्किटेक्ट, आमच्या ग्रुपची म्होरकी. म्हटलं, दुरुस्तीचाच अर्ज आहे, येईल महापालिकेचं उत्तर. अर्ज मी लिहिलाय. एकतीस वर्षं कारकुनी केली, शेवटी हेडक्लार्क. अर्ज लिहावा तो काकूंनी, असं सगळे म्हणतात. मीही म्हणते.

१५ जाने., गुरु.

उत्तर आलं. हौद पाडणार.

नीलिमानं फोनवर वाचून दाखवलं. "सदर जीर्ण व धोकादायक बांधकाम उतरवून घेण्यात येईल." पुढच्या बुधवारी. आम्ही मागितली दुरुस्ती आणि हे पाडायला निघाले. ग्रुपवर नुसती आग. सगळ्यात तिखट मीच लिहिलं : कचेरीत बसलेल्या कारकुनाला अक्षरओळख तरी आहे का? तेवीस अंगठे आले. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

सोमवारी मी जाऊन येते म्हणाले. कचेरीची भाषा मला कळते.

१९ जाने., सोम.

अभियंता पाचोडकडचा, पोरसवदा. उर्मट असता तर बरं झालं असतं. खुर्ची दिली, पाणी दिलं, मग फाइल फिरवून माझ्यापुढं केली. "मॅडम, अर्ज तुमचाच ना?"

माझाच. माझं वळणदार अक्षर. विषय : जीर्ण हौदाचा जीर्णोद्धार करणेबाबत.

"जीर्ण तुमीच लिवलं. खाली परत लिवलं, कमान केव्हाही कोसळू शकते. जीर्ण म्हटलं की फाइल जीर्णच्या टेबलावर जाती. तिथं एकच काम असतंय, उतरवून घ्यायचं."

कमान कोसळायला झाली नव्हती. चांगली टणक होती. कचेरी हलावी म्हणून मी तसं लिहिलं. सगळेच लिहितात. आणि विषय? आतला मजकूर वाचत बसलात तर संध्याकाळ होईल, विषय बघा आणि फाइल लावा, असं नव्या मुलींना मीच शिकवायची. त्या कारकुनानं माझ्यासारखंच काम केलं. त्याला मी निरक्षर म्हटलंय, तेवीस जणांसमोर.

उपाय सांगितला त्यानं. आधीचा अर्ज मागं घेतो म्हणून नवा अर्ज, आधीच्या अकराही जणांच्या सह्या. एक जरी कमी पडली तर त्याच्या हातात काही नाही.

ग्रुपवर लिहिलं, "साहेब भेटले नाहीत."

का लिहिलं

२० जाने.

आज सांगायचं होतं. सकाळी नाही सांगितलं, दुपारी नाही सांगितलं. नवा अर्ज तेवढा लिहिला. दोनदा फाडला. संध्याकाळी नीलिमाचा फोन वाजला तर उचलला नाही. एवढी कसली मिजास? कुणी मला काय फाशी देणार होतं?

२१ जाने., बुध.

मशीन स. ९ लाच आलं. आम्ही पोचेपर्यंत डावी कमान खाली. गेली. वेलबुट्टीसकट.

नीलिमा सरळ हौदात उतरून बसली, मग बाकीचे उतरले. माडीवरची बाईसुद्धा आली, चपला हातात घेऊन. मी काठावर उभी. ड्रायव्हरनं फोन लावला, तो पाचोडचा अभियंता आला, मशीन परत पाठवलं. पण नीलिमाला त्यानं फाइल दाखवलीच. म्हणाला, "त्या मॅडमना सोमवारीच सांगितलंय मी. २ तारखेपर्यंत थांबवतो, त्याच्यापुढं माझं काय चालणार नाय."

ती माझ्याकडं आली. कपडे मातीनं भरलेले. "काकू, तुम्हाला सोमवारीच माहीत होतं?"

"हो."

"दोन दिवस होते आपल्या हातात."

एवढंच. ओरडली असती तर मीही ओरडले असते.

रशीद मिस्त्री हे ऐकत होते की नाही कळलं नाही. खाली बसून गिलाव्याचे तुकडे रुमालात गोळा करत होते. मोठे वेगळे, छोटे वेगळे. माझ्याकडं बघितलं नाही.

२२ जाने.

घरीच. खिचडी टाकली, गेली नाही.

अर्जावर सह्या घेतल्या तो दिवस डोक्यातून जात नाही. हौदाच्या पायरीवर बसलो होतो. मिस्त्रींना देवनागरी येत नाही, सही उर्दूत करतात. म्हणून मी वाचून दाखवला. विषयालाच त्यांनी अडवलं.

"जीर्णोद्धार बोले तो?"

"जुन्याला परत उभं करायचं."

"बोले तो मरम्मत."

"मरम्मतच, पण वजनदार."

"तो मरम्मत लिखो ना बाई. सीधा है."

मी हसले. सरकारी अर्जात असले शब्द चालत नाहीत म्हणाले, शुद्ध लागतं. आमच्या घरात चार पिढ्या लेखणीवर जगल्या, मला एक गवंडी शब्द शिकवणार? एवढं तोंडानं म्हटलं नाही. मनात नक्की म्हटलं. त्यांनी मान हलवली. "तुमी लिखे तो बराबरच होंगा." आणि पहिल्या ओळीवर सही केली. पहिली ओळ मीच त्यांना दिली होती, मान म्हणून.

मरम्मत लिहिलं असतं तर फाइल दुरुस्तीच्या टेबलावर गेली असती. एका शब्दाचं काम होतं.

२४ जाने., शनि.

नवा अर्ज घेऊन दारोदार. विषय : हौदाची मरम्मत करणेबाबत. आता लिहिते आहे शहाणी.

नीलिमानं उभ्यानंच सही केली. चहा विचारला नाही. हर्सूलचे निवृत्त सर म्हणाले, "चुका होतात हो, तुम्ही कशाला मनाला लावून घेता", आणि लगेच त्यांच्या मिसेसना आत जाऊन सगळं सांगितलं, मला ऐकू येईल असं. कुणी दार अर्धंच उघडलं. एकानं विचारलं, या वेळी नीट वाचलंय ना काकू? वाचलंय बाबा.

दहा झाल्या. माझी धरून.

२५ जाने., रवि.

मिस्त्री आले नाहीत. दोन वर्षांत पहिल्यांदा. चुन्यावरचं पोतं कडेनं वाळलेलं. मीच बादली ओतली. कुणी माझ्याशी वाईट बोललं नाही, कुणी बोललंच नाही.

२७ जाने., मंगळ.

मिस्त्रींच्या घरी गेले. या, बसा, सगळं झालं. सून चहा घेऊन आली. कोनाड्यात तो रुमाल, गाठ मारलेला.

सगळं सांगितलं. सोमवारचंही. म्हटलं, चूक माझी, तुमचं ऐकायला पाहिजे होतं. ते बशीत चहा ओतत होते. म्हणाले, "कमान तो गई."

"दोन आहेत अजून. तुमची सही झाली की थांबतंय सगळं." कागद पुढं केला. पहिली ओळ मोकळी ठेवली होती. "मी वाचून दाखवते ना..."

"पिछली बार बी तुमीच पढके सुनाए थे, बाई."

आवाज चढला नाही. साधं बोलले. मला कुठं बघावं ते कळेना, सुनेच्या पायांकडं बघत राहिले.

"कागज छोड के जाओ. बहू मराठी शाळा में पढी है. आज उसको काम है, फुरसत से पढेंगी. फिर देखेंगे."

मी चहा पुरा प्यायले. तो टाकून उठायचीही सोय नव्हती.

३० जाने., शुक्र.

कागद आला नाही. मागायला जाणार नाही. कुठल्या तोंडानं जाऊ? नीलिमा विचारते, मी म्हणते त्यांच्याकडं आहे. या वेळी खरं सांगतेय, तरी ती परत एकदा विचारते.

त्या कारकुनाविषयी लिहिलेलं ग्रुपवरून काढायला गेले. इतक्या दिवसांनी निघत नाही म्हणे. खाली लिहिलं, चूक माझी होती, त्यांची नाही. एकही अंगठा आला नाही.

१ फेब्रु., रवि.

उद्या १० ला कचेरी उघडेल. कागद अजून नाही.

आज मुद्दाम ६ लाच गेले, पोतं भिजवायला. कालपासून कडक ऊन, वाळलं असणार. हात लावला तर ओलंच. काठोकाठ भिजवलेलं, चार कोपऱ्यांना विटा ठेवलेल्या, मिस्त्री ठेवतात तशा. गल्लीत कुणी नव्हतं. माडीवरच्या बाईला विचारलं, कोण आलं होतं? म्हणाली, "मिस्त्री. आत्ताच गेले की."

"माझ्यासाठी काही ठेवलं का?"

"नाय बा. काय ठेवणार होते?"

चुना त्यांचा आहे, त्याला ते सुकू देणार नाहीत. याच्यावरून त्यांनी मला माफ केलं, सही केली, असं काही धरता येत नाही. बादली भरून आणलीच होती, पायरी धुतली आणि घरी आले.